गुन्हा नव्हता, म्हणून खटलाही नव्हता

प्रश्न असा आला आहे: "हिटलरच्या जर्मनीत समलैंगिकांसाठी कलम १७५ होतं, आपल्याकडे २०१८ पर्यंत ३७७ होतं. मुसोलिनीच्या इटलीत मात्र असं कलमच नव्हतं म्हणतात. मग निदान या बाबतीत तरी इटलीतला फॅसिझम सौम्य होता असं म्हणायचं का? आणि ज्यांना त्रास झाला त्यांना युद्धानंतर भरपाई मिळाली का?"

आधी मी हे का लिहितोय ते सांगतो. मी फौजदारी वकील आहे. आयुष्यातली सत्तावीस वर्षं तडीपारीच्या नोटिसा आणि एमपीडीए या महाराष्ट्राच्या कायद्याखालची, खटल्याविना होणारी स्थानबद्धता यांच्या फायली उलटण्यात गेली. मुलगी लग्नानंतर बोलोन्याला गेली, तिच्याकडे जाऊन राहायचं म्हणून इटालियन शिकलो, आणि वकिलाची खोड जात नाही म्हणून तिथले जुने कायदे वाचू लागलो. फॅसिस्ट काळातले पोलिसी हुकूम समोर आले तेव्हा भाषा परकी होती, पण कागद ओळखीचे वाटले.

आता उत्तर. कलम नव्हतं, हे खरं. म्हणून राजवट सौम्य होती, हे खोटं. आणि ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात नाहीत. कलम नसणं हाच छळाचा मार्ग होता.

इटलीत १८८९ साली झानार्देल्ली यांच्या नावानं ओळखली जाणारी दंडसंहिता आली, तिनं प्रौढांच्या खाजगी समलैंगिक संबंधांना गुन्हाच मानलं नाही. मुसोलिनी आला तेव्हा हीच संहिता चालू होती. त्याचा न्यायमंत्री अल्फ्रेदो रोक्को याच्या देखरेखीखाली नवी संहिता लिहायला घेतली आणि १९२७ च्या मसुद्यात ५२८ वं कलम घातलं गेलं: समलैंगिक संबंधांना तुरुंगवास. म्हणजे कल्पना सुचली नव्हती अशातला भाग नाही. पण १९३० साली अंतिम संहिता निघाली तेव्हा ते कलम गाळलेलं होतं. गाळताना दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे. हे किळसवाणं व्यसन इटलीत, सुदैवानं आणि अभिमानानं सांगायचं तर, इतकं पसरलेलंच नाही की त्यासाठी कायदा करावा लागावा. जिथे कुठे आढळेल तिथे पोलिसांकडे उपाय आहेतच.

इतका धूर्त परिच्छेद मी फार थोड्या सरकारी कागदांत वाचला आहे. कलम केलं की खटला होतो. खटला झाला की आरोपीला वकील मिळतो, साक्षी होतात, निकाल लिहावा लागतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि वर्षअखेरीला आकडा छापावा लागतो. ज्या राजवटीचा सगळा डोलारा 'इटालियन पुरुष' नावाच्या मर्दानी पुतळ्यावर उभा आहे, तिला असा आकडा नकोच होता. कातानियात इतके, नापोलीत इतके असा तक्ता छापायचा म्हणजे पुतळ्याला तडे आहेत हे स्वतःच जाहीर करण्यासारखं होतं. त्यापेक्षा हे आमच्याकडे नाहीच म्हणायचं आणि सापडेल त्याला गुपचूप उचलायचं.

उचलायचं कसं, तर 'कोन्फिनो'. हा शब्द नीट समजून घ्या, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. तडीपारीत माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात, पण बाहेर तो कुठेही राहू शकतो. कोन्फिनो याच्या उलट: घरातून उचलायचं आणि एका ठरावीक बेटावर किंवा डोंगरातल्या आडगावात नेऊन ठेवायचं, एक ते पाच वर्षं. तडीपारी आणि स्थानबद्धता एकत्र केली तर जे होईल, साधारण ते. नोव्हेंबर १९२६ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानं ही पद्धत पक्की झाली आणि १९३१ च्या कायद्यानं ती तशीच पुढे चालू ठेवली. कम्युनिस्ट नेता ग्राम्शीला अटक झाल्यावर आधी उस्तिका बेटावर धाडलं ते याच हुकमाखाली. आपल्याकडे कोन्फिनो माहीत असतो तो असाच, राजकीय कैद्यांमुळे. त्याच बेटांवर 'पेदेरास्ती', म्हणजे समलैंगिक, असा शिक्का मारून पाठवलेली माणसंही होती, हे मलाही फार उशिरा कळलं.

निर्णय न्यायालयाचा नव्हता. प्रांताची एक समिती बसायची. त्यात प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, सरकारी वकील, पोलीसप्रमुख, काराबिनिएरी या लष्करी पोलिसांचा अधिकारी आणि फॅसिस्ट मिलिशियाचा एक अधिकारी. पाचही जण सरकारचे. पुरावा म्हणजे पोलिसांचा अहवाल, आणि त्या अहवालांत एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो: 'वोचे पुब्लिका'. शब्दशः 'लोकांचा आवाज'. अमुक माणूस पेदेरास्त आहे असं लोकांचा आवाज सांगतो. बस्स.

हे वाचलं आणि मला आपल्याकडचे 'गोपनीय साक्षीदार अ' आणि 'गोपनीय साक्षीदार ब' आठवले. तडीपारीच्या प्रस्तावात हे दोघं असतातच. नाव नाही, पत्ता नाही, तारीख 'सुमारे दोन महिन्यांपूर्वी', आणि शेवटी ठरलेलं वाक्य: भीतीमुळे उघड साक्ष द्यायला तयार नाही. पण आपल्याकडे तो प्रस्ताव घेऊन मी उच्च न्यायालयात जाऊ शकतो आणि अधिकाऱ्यानं डोकं वापरलं की नुसती सही केली असं विचारू शकतो. अनेकदा हुकूम रद्दही होतात. इटलीत अपील होतं, पण ते गृहखात्यातल्याच एका समितीकडे. ज्यानं मारलं त्याच्याकडेच दाद मागायची.

एक गोष्ट इथे मध्येच सांगतो, कारण ती आपली आहे. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मुळे १९३४ साली दुसऱ्यांदा खटला झाला. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली होती, म्हणून अश्लीलतेचा आरोप. त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण कोर्टात युक्तिवाद झाला, त्याची आज चर्चा होते, आणि मासिक पुढे कर्वे जाईपर्यंत, १९५३ पर्यंत, निघत राहिलं. त्याच सुमारास इटलीत आल्दो मिएली नावाचा विज्ञानाचा इतिहासकार होता. त्यानं १९२१ मध्ये लैंगिक प्रश्नांच्या अभ्यासाचं नियतकालिक सुरू केलं होतं. ज्यू, समाजवादी आणि स्वतः समलैंगिक. १९२८ मध्ये त्याला पॅरिसला निघून जावं लागलं, पुढे अर्जेंटिनाला, आणि तिथेच तो वारला. त्याच्यावर कर्व्यांसारखा खटला झालाच नाही. हरायलासुद्धा आधी कोर्ट लागतं.

आता हे सगळं कशासाठी, हा भाग. नुसत्या नैतिकतेच्या गप्पा असत्या तर राजवटीनं वेश्यागृहं चालू ठेवली नसती. ती सरकारी परवान्यानं चालत, दर ठरलेले, डॉक्टरी तपासणी ठरलेली, आणि ती बंद व्हायला १९५८ साल उजाडलं. स्वतः दूचेच्या, म्हणजे मुसोलिनीच्या, प्रेयसींची मोजदाद इथे करत बसत नाही. मुद्दा नैतिकतेचा नव्हता, जन्मदराचा होता. २६ मे १९२७ च्या भाषणात मुसोलिनीनं हिशेब मांडला: चार कोटी इटालियन आहेत, शतकाच्या मध्यापर्यंत सहा कोटी झाले पाहिजेत. त्याच वर्षापासून पंचवीस ते पासष्ट वयाच्या अविवाहित पुरुषांवर कर. गर्भनिरोधाचा प्रचार आणि गर्भपात हे रोक्को संहितेत 'वंशाच्या अखंडतेविरुद्धचे' गुन्हे म्हणून एका वेगळ्या प्रकरणात टाकलेले. त्यांतलं गर्भनिरोधाच्या प्रचारावरच्या बंदीचं कलम घटना न्यायालयानं उडवलं ते १९७१ मध्ये.

बायकांचं काय? १९२६ मध्ये शिक्षिकांना वरच्या शाळांत लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवायला बंदी. १९३८ मध्ये हुकूम निघाला की सरकारी आणि खाजगी कचेऱ्यांत बायका दहा टक्क्यांच्या वर नकोत. बायकोनं व्यभिचार केला की तुरुंग. नवऱ्यानं घरात किंवा उघडपणे रखेल ठेवली तरच तुरुंग. आपल्याकडच्या, २०१८ मध्ये रद्द झालेल्या व्यभिचाराच्या कलम ४९७ वर हसणाऱ्यांनी हे कलमही वाचावं. आणि बायको, मुलगी किंवा बहीण 'सापडली' म्हणून रागाच्या भरात मारून टाकली तर शिक्षा तीन ते सात वर्षं, कारण घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. हे अब्रूचं कलम १९८१ मध्ये गेलं. बलात्कार करणाऱ्यानं तिच्याशीच लग्न केलं की गुन्हा पुसला जातो, हे कलमही त्याच वर्षी गेलं.

एका दिवसाबद्दल थोडं थांबून लिहितो. १८ डिसेंबर १९३५. इथिओपियावरच्या स्वारीमुळे राष्ट्रसंघानं इटलीवर आर्थिक निर्बंध घातले होते. त्या दिवशी देशभर बायकांनी रांगेत उभं राहून बोटातली लग्नाची अंगठी काढून सरकारला दिली. रोममध्ये राणीनं स्वतःची अंगठी देऊन सुरुवात केली. बदल्यात लोखंडाची अंगठी मिळायची. आपल्याकडे मंगळसूत्र मागितलं असतं तर काय झालं असतं, असा विचार करून पाहा. बाईचं लग्न नवऱ्याशी, पण त्यातलं सोनं राष्ट्राचं. कौतुकाच्या भाषणांत हेच शब्द वेगळे करून सांगितले गेले. मला मात्र त्या लोखंडी अंगठीत सगळी राजवट दिसते.

वसाहतींत तर याहून विचित्र. एप्रिल १९३७ च्या कायद्यानं इटालियन पुरुषानं आफ्रिकी प्रजाजन बाईशी 'वैवाहिक स्वरूपाचे' संबंध ठेवले तर एक ते पाच वर्षं तुरुंग. शब्द पाहा: वैवाहिक स्वरूपाचे. पैसे देऊन एक रात्र गेला तर गुन्हा नाही. तिच्याबरोबर जेवला, ती आजारी पडल्यावर औषधपाणी केलं, मुलांना आपलं म्हटलं, की आरोपी. वसाहतीतले न्यायाधीश बसून माया होती की नुसतं शरीर होतं याचा कीस काढत. माया सिद्ध झाली की शिक्षा.

भाषासुद्धा सुटली नाही. इटालियनमध्ये आदरानं 'आपण' म्हणायचं तर 'लेई' म्हणतात. योगायोगानं या शब्दाचा दुसरा अर्थ 'ती' असा होतो. १९३८ मध्ये पक्षाचा सचिव आकिल्ले स्ताराचे याच्या मोहिमेत 'लेई' हे परकं, लाचार आणि बायकी ठरलं. सगळ्यांनी 'व्होई' म्हणायचं. 'लेई' नावाचं बायकांचं एक मासिक होतं. तिथे त्या शब्दाचा अर्थ सरळ 'ती' एवढाच, आदराचा काही संबंध नाही. तरी घाबरून त्यांनी नाव बदललं आणि मासिक 'अनाबेल्ला' झालं. माझ्या विहीणबाई हा किस्सा सांगताना अजून हसतात. हसण्यासारखा आहेच, पण त्याच वर्षी ज्यूंविरुद्धचे वंशकायदे आले आणि त्यानंतरच्या वर्षी कातानियातून माणसांनी भरलेल्या बोटी निघाल्या.

कातानिया हे सिसिलीतलं एत्ना ज्वालामुखीच्या पायथ्याचं शहर. तिथला पोलीसप्रमुख अल्फोन्सो मोलिना. देशभरात कोन्फिनोवर गेलेल्या समलैंगिकांच्या फायली काहीशे आहेत, पण एका शहरातून, एका झपाट्यात, एका अधिकाऱ्याच्या हुकमानं चाळीसहून अधिक माणसं गेली ती फक्त इथून. म्हणजे राजवट सगळीकडे सारखी नव्हती. एखाद्या ठिकाणी अधिकारी डोळेझाक करायचा, एखाद्या ठिकाणी मोलिना बसलेला असायचा. ज्यांना कलम नसणं हे स्वातंत्र्य वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं: कलम नसतं तेव्हा तुमचं नशीब पोलीसप्रमुखाच्या बदलीवर अवलंबून असतं.

मोलिनाची तक्रार काय होती? पूर्वी हे लोक निदान लपूनछपून राहायचे. आता कॅफेत, नाचाच्या ठिकाणी, समुद्रकिनाऱ्यावर सरळ वावरतात आणि सगळ्या थरांतली तरुण पोरं उघडपणे त्यांच्या मागे असतात. म्हणजे वागण्यापेक्षा दिसण्याचा गुन्हा मोठा. शहरात अशा पुरुषांना 'अर्रूसू' म्हणत. सिसिलियन शिवी आहे; आपल्याकडे 'बायल्या' ज्या सुरात म्हणतात तो सूर धरा. अर्रूसू म्हणजे संबंधात बाईची मानलेली भूमिका घेणारा. त्याच्याबरोबर जो दुसरा असायचा तो गावाच्या लेखी पुरता पुरुषच. त्याला कोणी काही म्हणत नसे आणि पोलीसही सहसा हात लावत नसत. आधी सांगितलेल्या त्या पुतळ्याला तडा जातो तो बाईसारखं वागणाऱ्या पुरुषामुळे, दुसऱ्यामुळे नाही. म्हणूनच मी हा सगळा प्रकार लैंगिकतेइतकाच लिंगभावाचा मानतो. अविवाहितावर कर, बाईला लॅटिन शिकवायला बंदी आणि अर्रूसूला बेट ही एकाच वहीतली तीन पानं आहेत.

तपासाचा एक भाग लिहायला नको वाटतो, पण टाळला तर प्रश्नाचं उत्तर अर्धं राहील. पकडलेल्यांची गुदद्वाराची डॉक्टरी तपासणी व्हायची आणि 'सवयीच्या खुणा आढळल्या' अशा अर्थाचा दाखला फायलीला लागायचा. अशा खुणांवरून काहीही सिद्ध होत नाही, हे आजचं वैद्यक स्पष्ट सांगतं. आपल्याकडे बलात्काराच्या खटल्यांतली टू-फिंगर टेस्ट ज्यांनी उलटतपासणीत हाताळली आहे, त्यांना त्या दाखल्याची भाषा वेगळी समजावून सांगायला नको. कोरडी, आकडेवारीची, सही-शिक्क्याची. त्या टेबलावर झोपलेला माणूस शिंपी होता की कॉलेजातला पोरगा, याचा दाखल्यावर मागमूस नाही.

हुकूम बहुधा पाच वर्षांचा. आणखी एक बारकावा: १९३६ नंतर अशा काही जणांना 'सामान्य' नव्हे तर 'राजकीय' कोन्फिनातो, म्हणजे कोन्फिनोवरचा कैदी, म्हणून पाठवायला सुरुवात झाली. असे नव्वदीच्या आसपास. कारण वंशाच्या रक्षणाचं. म्हणजे कागदोपत्री एक शिंपी, राजकारणात शून्य रस असलेला, राष्ट्रशत्रू झाला. हा शिक्का लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येईल.

बेट होतं सान दोमिनो. आद्रियातिक समुद्रातल्या त्रेमिती बेटांपैकी सगळ्यांत मोठं, पण मोठं म्हणजे दोनेक चौरस किलोमीटर. मी २०१९ च्या मे महिन्यात गेलो होतो. तेर्मोलीहून बोट निघते. उतरलं की चढ लागतो, वर पाइनची झाडं आणि त्यांचा वास, खाली वाळूचा एकच छोटा किनारा, समोर हाकेच्या अंतरावर सान निकोलाचं बेट आणि त्यावरचा तटबंदीचा मठ. बोटीतले सगळे पोहायला आलेले. माझ्या हातात छत्री आणि कागदांची पिशवी बघून तिकीट तपासणाऱ्यानं मी शेतजमिनीच्या वादासाठी आलोय का असं विचारलं. वकील कुठेही ओळखू येतो म्हणायचं.

याच बेटांवर १९११ मध्ये लिबियातून पकडून आणलेल्या हजारावर माणसांना ठेवलं होतं, त्यांतले शेकडो रोगराईनं मेले. बेटांना सवय होती. १९३९ मध्ये कातानियाचे लोक बेड्या घालून आणले गेले. राहायला लांबट बराकी. वीज नाही, नळाचं पाणी नाही. रात्री आठला घंटा झाली की आत, बाहेरून कुलूप. दिवसाला हातावर पडायच्या थोड्या लिरा, त्यातच जेवण भागवायचं. हातात एक पुस्तिका, तिच्यात काय काय करायचं नाही त्याची यादी. आणि घरी आया. या आयांनी दूचेला लिहिलेली विनंतीपत्रं फायलींत सापडतात: मुलगा घरातला एकटा कमावता आहे, त्याच्यावर खोटा आळ आला आहे, आपण पित्यासमान आहात. माझ्याकडे येणाऱ्या आयासुद्धा साहेबांना द्यायला असाच कागद लिहून आणतात. मी तो फाइलला लावतो. काही उपयोग होत नाही हे माहीत असतं, पण परत देववत नाही.

आता एक गोष्ट जी हल्ली फार सांगितली जाते. तिथे राहिलेल्या एकानं ऐंशीच्या दशकात, नाव न छापण्याच्या अटीवर, मुलाखत दिली. त्याच्या सांगण्याचा रोख असा की गावात दाराबाहेर पडायची चोरी होती; बेटावर सगळेच तसले, त्यामुळे लपवायचं कोणापासून? कोणाचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, आला की साजरा करायचे, नाटकं बसवायचे. जून १९४० मध्ये परत जायचा हुकूम आला तेव्हा काही जण रडले, असंही तो सांगतो. यावरून 'इटलीतली पहिली समलैंगिक वसाहत' वगैरे मथळे निघतात. मला ते आवडत नाहीत. त्या माणसाच्या बोलण्यात बेटाचं कौतुक नाही, गावाविषयीचं सांगणं आहे. तुरुंगात बरं वाटलं असं कोणी म्हणतो तेव्हा त्याच्या घरी काय होतं ते विचारावं.

परत का पाठवलं? दया नव्हती. इटली युद्धात उतरली होती, बेटाची जागा दुसऱ्या कैद्यांसाठी हवी होती. उरलेल्या मुदतीऐवजी दोन वर्षं 'अम्मोनित्सिओने': आपल्या गावात, आपल्या घरात, पण पोलिसांच्या नजरेखाली. ठरलेल्या वेळेनंतर बाहेर पडायचं नाही, चौकीवर हजेरी द्यायची. म्हणजे आता गल्लीला ठाऊक झालेलं गुपित घेऊन त्याच गल्लीत. काही का रडले असतील ते यावरून कळतं.

बायकांबद्दल विचाराल तर कोन्फिनोच्या यादीत समलैंगिक बायका जवळपास नाहीत. याचा अर्थ त्यांना सोडलं असा नाही. त्यांच्यासाठी बाप, नवरा आणि वेड्यांचं इस्पितळ पुरेसं होतं. पोलिसांच्या फायलीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. कागद नाही म्हणून इतिहास नाही, ही अडचण वकिलाला नवी नाही.

लूसी सालानी मात्र सांगायला उरल्या. १९२४ चा जन्म, जन्मानं मुलगा ठरवलेलं मूल, लहानपणापासून स्वतःला मुलगी समजणारं. इटालियन सैन्यातून पळाल्या, जर्मनांनी पकडलं, तिथूनही पळाल्या, शेवटी दाखाऊच्या छळछावणीत. छावणीत गेल्या त्या सैन्य सोडून पळाल्याच्या कारणावरून, ट्रान्स म्हणून नव्हे. अशा लोकांचा इतिहास दुसऱ्याच रकान्यात का लपतो, त्याचं हे उदाहरण. २०२३ मध्ये बोलोन्यात, वयाच्या ९८ व्या वर्षी गेल्या. त्यांनी आईबापांनी ठेवलेलं लुच्यानो हे नाव कागदावर शेवटपर्यंत बदललं नाही.

जर्मनीशी तुलना विचारली आहे म्हणून थोडक्यात. तिथे १९३५ मध्ये कलम १७५ आणखी कडक केलं, सुमारे पन्नास हजार पुरुषांना शिक्षा झाल्या, त्यांतले हजारो छळछावण्यांत गेले. इटलीचे आकडे त्यापुढे किरकोळ आहेत. आकड्यांनीच मोजायचं तर प्रश्नकर्त्याचं 'सौम्य' हे विशेषण टिकेल. पण दुसऱ्या प्रश्नाकडे गेलं की ते टिकत नाही. जर्मनीत कलम होतं, निकालपत्रं होती. म्हणून फार उशिरा का होईना, कलम रद्द करता आलं, शिक्षा रद्दबातल ठरवता आल्या, भरपाईचा कायदा करता आला. इटलीत रद्द काय करणार? शिक्षा झालीच नव्हती, तो 'प्रतिबंधक उपाय' होता.

राजवट पडली तरी रोक्को संहिता राहिली. दुरुस्त्या होत होत आजही तीच आहे. १९५६ मध्ये घटना न्यायालयानं अम्मोनित्सिओने घटनाबाह्य ठरवली, आणि त्याच वर्षअखेरीला संसदेनं प्रतिबंधक उपायांचा नवा कायदा केला. आल्दो ब्राइबान्तीचं प्रकरण तर याहून पुढचं. लेखक, फॅसिस्टांविरुद्ध भूमिगत लढलेला, त्यांच्या हातून छळ सोसलेला. १९६८ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. एका सज्ञान तरुणाबरोबर तो राहत होता, तर त्या तरुणाचं मन त्यानं ताब्यात घेतलं असा आरोप ठेवला. कलम ६०३, रोक्को संहितेतलं. त्या तरुणाला घरच्यांनी इस्पितळात घालून विजेचे झटके दिले. समलैंगिकता हा शब्द आरोपात कुठेच नव्हता. १९३० ची युक्ती प्रजासत्ताकात अडतीस वर्षांनी तशीच चालली. ते कलम पडलं १९८१ मध्ये.

आणि भरपाई. १९५५ चा ९६ क्रमांकाचा कायदा फॅसिझमनं छळलेल्यांना निर्वाहभत्ता देतो. त्यात दोन प्रकार: राजकीय विरोधक आणि वंशामुळे छळलेले. तिसरा नाही. मी अशिलाच्या बाजूनं विचार करायला बसलो तर पहिली गोष्ट सुचते ती अशी: त्या नव्वदेक जणांना सरकारनंच 'राजकीय' म्हणून पाठवलं होतं आणि कारण वंशरक्षणाचं दिलं होतं. मग हाच शिक्का पुढे करून अर्ज करायचा. मुद्दा टिकला असता की नाही ते न्यायाधीशावर, पण निदान उभा राहिला असता. फक्त अर्जात एक रकाना भरावा लागला असता: कोणत्या कारणावरून पाठवलं. आणि तो अर्ज जायचा कातानियातल्याच कचेरीच्या खिडकीतून, मागे रांगेत गल्लीतलीच माणसं.